कच्च्या रंगाचे मासे

रंगाच्या बाबतीत मला कोणी फसवू शकत नाही, असं मी चारचौघांत छातीठोकपणे सांगायचो. हल्ली सांगत नाही. का सांगत नाही ते ऐका. चहा येईपर्यंत होईल सांगून, नाही झालं तर अजून एकेक कप मागवू.

मी भांडुपला कापड रंगवण्याच्या कारखान्यात आहे. तिथल्या प्रयोगशाळेत माझं काम शेड जुळवायचं. म्हणजे गिऱ्हाईक एक चिंधी आणून देतं आणि म्हणतं, अस्साच रंग पाहिजे. मग तो निळा मोरपिशीकडे झुकतोय की जांभळ्याकडे, धुतल्यावर किती उतरेल, उन्हात किती टिकेल, हे मी नुसतं बघून सांगतो. आयुष्यभर हेच केलंय. लग्नात जेवायला बसलो तरी माझी नजर समोरच्या बाईच्या साडीवर जाते आणि अर्चना, म्हणजे माझी बायको, कोपराने ढोसते.

"अगं, रंग बघतोय."

"मला माहितेय," ती म्हणते. "पण त्या बाईला माहीत नाहीये."

तर असा मी रंगवाला माणूस. आमच्याकडे मासे आले ते मात्र आईमुळे. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी काही दिवस वाचन, निवडणं-टिपणं सगळं बंद करायला सांगितलं. आमची आई देवगडकडची. रिकामं बसायची सवयच नाही. हॉलमधल्या दिवाणावर काळा चष्मा लावून बसायची आणि घरातल्या प्रत्येकाला काहीतरी काम सांगायची. आठवडाभरात अर्चना मला म्हणाली, "विनू, आईंना बघायला काहीतरी आण. नाहीतर मी ऑफिसातून उशिरा यायला लागेन."

मुलुंड पश्चिमेला हरेशभाईंचं अ‍ॅक्वेरियमचं दुकान आहे. मी आत शिरलो आणि समोरच्या टाकीकडे बघून थबकलोच. नखाएवढे मासे. पाठीवरून एक निळी रेघ, आणि तिच्याखाली शेपटीपर्यंत लाल. तो निळा मी कधी कापडावर बघितला नव्हता. आतून दिवा लावल्यासारखा.

"निऑन टेट्रा," हरेशभाई म्हणाले. "किती देऊ साहेब?"

"दोन द्या."

"दोन?"

"आम्ही तीनच माणसं आहोत हो घरात."

याचा माशांशी काय संबंध, हे मला अजून कळलेलं नाही. हरेशभाईंनाही कळलं नसावं, पण त्यांनी दोन मासे, टाकी, फिल्टर, रेती, थोडी पाणवनस्पती आणि पाण्यात ठेवायचं एक वाकडंतिकडं लाकूड, असं सगळं बांधून दिलं.

घरी टाकी लावली. आईला समोर बसवलं. मासे पाण्यात सोडल्या सोडल्या त्या लाकडामागे गेले ते गेलेच. दुसऱ्या दिवशीही तिथेच.

आई चष्मा वरखाली करून बघत होती. शेवटी म्हणाली, "विनू, माका नुसता पाणी दिसता रे. माझा ऑपरेशन बरोबर झाला मां?"

मी परत हरेशभाईंकडे. ते म्हणाले, "साहेब, हा थव्याचा मासा हाय. दोघं-दोघं नाय ऱ्हाणार. घाबरून बसते. त्याला आपली माणसं लागते बाजूला."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही घरात तीन माणसं हाय बोलले. मला वाटलं काही हिशोब असेल."

मग चांगला थवाच आणला. पण मासे पाळणं दिसतं तेवढं सोपं नसतं, हे पहिल्या पंधरवड्यात कळलं. मी नळाचं पाणी थेट टाकीत ओतलं आणि त्यातले काही मासे गेले. आई दोन वेळ नीट जेवली नाही. अर्चनाने कुंडीत, तुळशीशेजारी त्यांना पुरलं. मग मी पाणी भरून शिळं करून ठेवायला शिकलो. खायला चिमूटभरच घालायचं, चिमटीत जास्त आलं तर परत डबीत टाकायचं, हे शिकलो. हळूहळू पाणी बसलं, मासे सावरले, आणि एका संध्याकाळी तो थवा लाकडामागून बाहेर आला तो सगळा मिळूनच आला.

थवा वळताना तुम्ही कधी बघितलाय? एक वळतो म्हणून दुसरा वळतो असं नसतं ते. सगळे एकदम वळतात. पुढे कोण, मागे कोण काही कळत नाही, नुसती एक निळी-लाल रेघ पाण्यात मोडते आणि परत जुळते. आम्ही तिघं टीव्ही न लावता बसून राहायचो. सुरुवातीला "पाणी बदलायचं काम माझ्याच गळ्यात येणार" म्हणून कुरकुरणारी अर्चना संध्याकाळचा चहा टाकीसमोर घ्यायला लागली.

आईला तर तिथे सगळी सोसायटीच सापडली. एक जाडी मासोळी सगळ्यांच्या पुढे पुढे करायची, तिचं नाव तिने सेक्रेटरीणबाई ठेवलं. एक सतत खालून वर ढुशा द्यायचा, त्याला ती पार्किंगवरून भांडणारा माणूस म्हणायची. "हो बघ, परत त्येच्या जाग्यार घुसलो," असं चाललेलं असायचं. कोपऱ्यात एकटं पडलेलं कोणी दिसलं की तिचा जीव खालीवर. "तेका घेवा गो तुमच्यात," असं ती काचेला तोंड लावून सांगायची. घर एकदम हसतं झालं.

आणि मी? मी भाषणं द्यायला लागलो. घरी येणाऱ्या प्रत्येकाला टाकीपुढे उभं करायचं आणि निळ्या रंगावर बोलायचं. "बघा, हा पक्का रंग. निसर्गाची डाइंग. आमच्या कारखान्यात जन्मात जमणार नाही." माझं ऐकून आमच्या बिल्डिंगमधल्या चार-पाच घरांनी निऑन आणले. तिसऱ्या मजल्यावरचे गायकवाड सर तर माझ्याहून मोठी टाकी घेऊन आले. हरेशभाई मला लांबून बघितलं तरी हात करायचे.

सगळं छान चाललं होतं. आणि कारखान्यात माझी पाळी बदलली.

पहिली पाळी म्हणजे पहाटे उठायचं. हॉलमध्ये आई झोपलेली, म्हणून मी तिथला दिवा लावायचो नाही. स्वयंपाकघरातला लावायचा, त्या उजेडात चहा करून घ्यायचा आणि निघायचं. त्या दिवशी कप घेऊन टाकीपाशी आलो. सवयीने वाकून बघितलं.

मासे पांढरे.

म्हणजे पांढरेही नाहीत. धुऊन धुऊन विटलेल्या बनियनसारखे. निळ्या रेघेच्या जागी करडी खूण आणि लालाचा पत्ता नाही. सगळेच्या सगळे तसेच, पाण्यात जागच्या जागी लोंबकळल्यासारखे.

मी धावत आत जाऊन अर्चनाला हलवलं. "ऊठ, माशांचा रंग उडालाय."

"कुठे उडालाय?" ती झोपेतच म्हणाली.

"अगं, उडालाय म्हणजे गेलाय. चल बघायला."

तिला नीट दिसावं म्हणून मी टाकीवरचा दिवा लावून आलो. ती उठली, केस बांधले, चष्मा शोधला, तोंड धुतलं, आणि मग हॉलमध्ये आली. बघते तर मासे लालनिळे. झगमगीत. सेक्रेटरीणबाई सगळ्यांच्या पुढे.

अर्चनाने माझ्याकडे बघितलं. मी माशांकडे.

"आत्ता पांढरे होते," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली आणि परत जाऊन झोपली.

दुसऱ्या दिवशी पहाटे परत पांढरे. या वेळी मी आईला उठवलं. पण आई अशी तडक उठत नाही. आधी ती हात जोडणार, मग तळहात बघणार, मग डोळ्यांत औषध घालून ते मुरेपर्यंत डोळे मिटून बसणार. मी मधल्या वेळात टाकीचा दिवा लावून ठेवला. ती काचेपाशी आली तेव्हा मासे नव्या नवरीसारखे नटलेले.

"माका तर बरे दिसतत," आई म्हणाली. "तुका काय दिसता?"

"आत्ता बरेच दिसतायत. मघाशी पांढरे होते."

आईने माझं तोंड उजेडाकडे वळवलं आणि डोळ्यांत बघितलं. ऑपरेशन झाल्यापासून डोळा हा विषय घरात तिच्याकडे होता. "माकाय असाच दिसा," ती म्हणाली. "सगळा पांढुरका. मोतीबिंदूच असतलो. तू डागतराक दाखव."

तिसऱ्या दिवशी मी ठरवलं, पुरावाच घ्यायचा. मोबाइल काढला. फ्लॅशशिवाय काढलेल्या फोटोत नुसता काळोख आला. फ्लॅश मारला. आई जागी होईल या भीतीने फोटो न बघताच घरच्या ग्रुपवर पाठवला आणि खाली लिहिलं, 'बघा, पूर्ण रंग उडालाय. कालपर्यंत किती छान होतं.'

बसमध्ये बसल्यावर उत्तरं वाचली. काचेत फ्लॅश परावर्तित झाला होता. फोटोत मासा एकही नव्हता. बनियनवर, केस विस्कटलेला, तोंड उघडं टाकून उभा असलेला मी तेवढा स्पष्ट आला होता. पुण्याच्या मावशीने लिहिलं होतं, 'वयोमानाने होतंच रे, वाईट वाटून घेऊ नकोस.' मामेभावाने केसांना लावायच्या तेलाचं नाव पाठवलं होतं.

हसू नका. मी त्या दिवसांत खरंच घाबरलो होतो. शेड जुळवणाऱ्या माणसाचे डोळे गेले तर त्याने करायचं काय? मला दुसरं काही येत नाही. कारखान्यात प्रत्येक चिंधी दोन-दोनदा खिडकीपाशी नेऊन बघायला लागलो. हा गुलाबी खरंच गुलाबी आहे, की मलाच तसा दिसतोय? माझा सहकारी पाटकर माझ्याहून बराच नवा, पण मी प्रत्येक शेड त्याच्याकडे घेऊन जायला लागलो.

"पाटकर, तुला काय वाटतं?"

"मला?" तो दचकून म्हणायचा. पहिल्या दिवशी दचकला. चौथ्या दिवशी तो माझ्या खुर्चीत रेलून, डोळे बारीक करून मत द्यायला लागला. त्यानंतर त्याने मला, "विनायक, जरा तो लालसर आण बरं इकडे," असंही म्हणून बघितलं. मी आणलं, इतका मी खचलो होतो.

शेवटी आईच्या डॉक्टरांकडे गेलो. आई सोबत आलीच. डॉक्टरीणबाईंनी ठिपक्याठिपक्यांची चित्रं दाखवली, त्यातले आकडे ओळखायचे होते. मी आकडे ओळखले, आणि एका पानावर तर "यातला हिरवा छापताना जरा पिवळ्याकडे गेलाय" असंही सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी पुस्तक मिटलं. "तुमचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत. कोणी पाठवलं तुम्हाला?"

आई खिडकीबाहेर बघायला लागली.

दवाखान्यातून बाहेर पडलो तो तरंगतच. डोळे शाबूत होते. पण मग लगेच दुसरा विचार आला. डोळे बरोबर असतील, तर चूक माशांची.

दुसऱ्या दिवशी पाटकरला सगळं सांगितलं. आता डोळे ठीक आहेत म्हटल्यावर सांगायला लाज नव्हती. तो आपली नवी खुर्ची सोडून पुढे सरकला आणि म्हणाला, "विनूभाऊ, रंगवलेले असतील. मी ऐकलंय, माशांना सुईने रंग टोचतात आणि विकतात."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अहो, इतका साधा विचार मला सुचू नये? असा निळा निसर्गात असेलच कसा? आणि कच्चा रंग तर मी रोज बघतो. रात्री सुटतो, सकाळी उतरलेला दिसतो. दिवसा परत कसा चढतो, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. माणूस एकदा आपल्या धंद्यातलं काही सापडल्यासारखं वाटलं की पुढचं बघत नाही.

मी शास्त्रोक्त चाचणी घेतली. कारखान्यातून पांढऱ्या सुती कापडाची पट्टी आणली. रंग सुटतो का ते बघायला आम्ही अशीच पट्टी वापरतो. दोन दिवस ती टाकीच्या पाण्यात सोडून ठेवली. बाहेर काढली तर फिक्कट तपकिरी.

"तपकिरी आहे," अर्चना म्हणाली. "मासे तपकिरी कुठे आहेत?"

"अगं, लाल आणि निळा मिसळून जुना झाला की असाच होतो. तुला त्यातलं कळायचं नाही."

अर्चनाने ती पट्टी नाकाशी नेली, परत ठेवली आणि काही बोलली नाही. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, ती गप्प राहिली की थांबायचं असतं हे मला कळायला हवं. पण मी तोवर सोसायटीच्या ग्रुपवर मोठा संदेश लिहून टाकला होता. 'सर्व मत्स्यप्रेमी सभासदांस सूचना. आपले निऑन मासे रंगवलेले असण्याची दाट शक्यता आहे. उद्या पहाटे, दिवा न लावता तपासावेत.'

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत गायकवाड सरांचा फोन. आवाज कापरा. "विनायकराव, गेले. सगळे गेले."

"मेले?"

"नाही हो, रंग गेला. तुम्ही म्हणालात तसंच."

पाठोपाठ बाकीच्या घरांतूनही तेच. आमच्या सोसायटीत गच्चीच्या गळतीवर, गेटच्या वेळेवर, कशावरच कधी एकमत झालेलं नाही. या विषयावर मात्र पहिल्यांदा झालं. रविवारी सकाळी सगळ्यांनी मिळून हरेशभाईंना जाब विचारायचं ठरलं. पुढारी अर्थातच मी. दोन जणांनी माझी पाठ थोपटली. "रंगातला माणूस आपल्यात आहे म्हणून कळलं तरी," असं गायकवाड सर म्हणाले, तेव्हा मी नम्रपणे मान हलवली.

"मी पण येते," अर्चना म्हणाली. मला बरं वाटलं. नवऱ्याचा विजय बघायला येतेय, असं मी धरून चाललो.

आम्ही गेलो तेव्हा दुकान उघडायचं होतं. हरेशभाई स्कूटरवरून आले. शटरपुढे सकाळी सकाळी एवढं गिऱ्हाईक बघून त्यांचा चेहरा फुलला. "आवो, आवो. आज काय स्पेशल?"

"आधी शटर उघडा," मी करड्या आवाजात म्हणालो.

शटर वर गेलं. आत अंधूक उजेड पडला आणि आमच्यातल्या सगळ्यांनी एकदम श्वास घेतला. समोरच्या मोठ्या टाकीत निऑनचा अख्खा साठा होता. सगळा फटफटीत. राखेसारखा.

"बघितलंत?" मी म्हणालो. "यांचा तर विकायच्या आधीच उतरलाय."

हरेशभाईंना काही कळेना. त्यांनी हात जोडले, नेहमीसारखे सगळे दिवे लावले, आणि देवाच्या फोटोपुढे उदबत्ती लावायला वळले. मी टाकीकडे पाठ करून लोकांकडे तोंड केलं आणि बोलायला लागलो.

आता मी रंगावर बोलायला लागलो की मला वेळेचं भान राहत नाही. पक्का रंग म्हणजे काय, कच्चा म्हणजे काय, इथून सुरुवात केली. मग रंग धाग्यात शिरतो की नुसता वर बसतो, ते सांगितलं. खिशातून ती तपकिरी पट्टी काढली आणि सगळ्यांना हातात घेऊन बघायला लावली. लोक सुरुवातीला माना डोलवत होते.

मग हळूहळू माना थांबल्या. सगळे माझ्या खांद्यावरून मागे बघायला लागले. मला वाटलं, त्या फसव्या माशांकडे संतापाने बघतायत. मी आवाज आणखी चढवला.

"अशा रंगाला आमच्या धंद्यात एकच शब्द आहे. लबाडी."

गायकवाड सर खोकले. त्यांच्या मिसेसनी पदर तोंडाला लावला. मागे उभी असलेली अर्चना डोळ्यांनी काहीतरी खुणावत होती. मला वाटलं, छान बोलतोयस म्हणते.

"विनू, मागे बघ," ती म्हणाली.

"थांब गं, मुद्दा पुरा करू दे."

"मुद्दा राहू दे. मागे बघ."

मी मागे बघितलं. टाकी पेटली होती. खरंच सांगतो, दुसरा शब्द नाही. शेकडो निळ्या रेघा, शेकडो लाल. माझ्या डोळ्यांदेखत शेवटचे काही फिके मासे खालून वर येत होते आणि येता येता त्यांच्या पोटावर लाल चढत होता. मग सगळा थवा एकदम वळला.



"झोपले होते रे ते," अर्चना म्हणाली. "दिवा लागला तसे उठले. तू आधी मला उठवलंस, मग आईंना, आणि दोन्ही वेळा टाकीवरचा दिवा लावून ठेवलास. मी केस बांधून, आई औषध घालून येईपर्यंत तेही उठलेले असायचे."

"तुला हे कधी कळलं?"

"आत्ता. तू धाग्यांवर बोलत होतास तेव्हा."

मी हातातल्या पट्टीकडे बघितलं. बुडत्याला तेवढाच आधार होता. "मग हा तपकिरी कुठून आला?"

"टाकीत लाकूड आहे ना," अर्चना म्हणाली. "पट्टीला ओल्या लाकडाचा वास येत होता. तेव्हाच सांगणार होते, पण मला त्यातलं कळत नाही ना."

हरेशभाई उदबत्ती हातात धरून आमच्याकडे आळीपाळीने बघत होते. शेवटी त्यांनी हळू आवाजात विचारलं, "साहेब, तुम्ही भांडायला आले होते काय?"

मी 'नाही हो' म्हणालो. आमच्यातला एकही माणूस हो म्हणाला नाही. "सहज आलो होतो सगळे, मासे बघायला," गायकवाड सर म्हणाले, आणि शाळेत मुलांना खोटं बोलू नका सांगणारा तो माणूस कानापर्यंत लाल झाला. तो रंगही पक्का होता.

हरेशभाईंनी सगळ्यांसाठी चहा सांगितला. आता असा चहा प्यायल्यावर रिकाम्या हाताने कोण बाहेर पडणार? कोणी खाणं घेतलं, कोणी वनस्पती घेतली, गायकवाड सरांनी दुसरी टाकी घेतली. मी आणखी एक थवा घेतला. पिशवी हातात देताना हरेशभाई म्हणाले, "साहेब, आज घरी जाऊन त्यांना आराम करू द्या. जास्त बोलू नका त्यांच्यासमोर."

घरी आईला सगळं सांगितलं, म्हणजे अर्चनाने सांगितलं. आई इतकी हसली की अर्चनाला म्हणावं लागलं, आई, डोळ्यावर ताण येईल. मग आईने डोळे पुसले आणि मला जवळ बोलावून समजुतीच्या आवाजात सांगितलं, "विनू, निजलेल्या माणसाक असा वाकान वाकान बघूचा नसता रे. त्येंका आंगार घालूक तरी येळ दी."

नवीन थवा जुन्यात सोडला. दोन-तीन दिवस ते वेगवेगळे फिरले, मग एका दुपारी मिसळून गेले आणि आता वळतात तेव्हा अर्धी टाकी वळते. पाटकरला मी त्याच्या खुर्चीत परत बसवलं. पहाटे अजूनही चहा घेऊन टाकीपाशी थांबतो. त्या वेळचे करडे, निवांत मासे मला आता दिवसाच्या माशांपेक्षा जवळचे वाटतात. दिवा लावत नाही.

हरेशभाईंनी मनात काही ठेवलं नाही. फक्त पुढच्या वेळी गेलो तर मोठ्या टाकीवर ठळक अक्षरांत पाटी लागली होती: 'निऑन मासे झोपल्यावर फिके दिसतात. उठेपर्यंत थांबावे. भांडू नये.'

माझ्या शेजारी एक नवीन गिऱ्हाईक उभं होतं. पाटी वाचून तो माणूस हसत माझ्याकडे वळला. "काय हो, यावरून भांडायला कोणी आलं होतं की काय?"

"आले होते," मी म्हणालो. "सोसायटीच्या सोसायटी आली होती."

"काय सांगता? तुम्ही होतात का तेव्हा इथे?"

"होतो ना."

"मग तुम्हाला दिसलं असेल सगळं."

"नाही हो," मी म्हणालो. "मी भाषण करत होतो."